घरभर टाइल्स, गच्चीवर कूल रूफ : नागपूरचे तिन्ही ऋतू काढल्यानंतर

घाईत असाल तर आधीच सांगून टाकते. टाइल्सवर घातलेल्या पैशांपैकी सगळ्यात जास्त वसूल झाले ते गच्चीवरचे. पाहुणे मात्र तारीफ हॉलची करतात, कारण गच्चीवर कोणी जात नाही.

घर मानेवाड्याकडचं, सासऱ्यांनी बांधलेलं. जुन्या फरश्या अशा : खाली मोझॅक, स्वयंपाकघरात शहाबादी, वरच्या दोन खोल्यांत कोटा. काम दिवाळीनंतर काढलं आणि फेब्रुवारीत आटोपलं. त्यावरून अख्खा उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आता थंडी पडली आहे. महिन्याभरात लिहिलं असतं तर सगळंच छान वाटलं असतं, म्हणून थांबले होते.

गच्चीपासून सुरुवात करते. माझं माहेर नागपूरच्या जुन्या महाल भागातलं, कवेलूचं, म्हणजे कौलारू. तिथे माकडं उड्या मारायची, कवेलू फुटायचे, दर मे महिन्यात कवेलू फेरायला माणूस शोधावा लागायचा. त्रास होता, पण रात्री घर थंड व्हायचं, कारण कवेलूच्या फटींमधून गरम हवा निघून जाते आणि पातळ माती उन्हं उतरली की लगेच निवते. पाच इंची स्लॅब तसा नसतो. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत सोडतो. वरच्या खोलीत रात्री अकरालाही पंखा गरम हवाच फेकायचा. नागपूरचा उन्हाळा काही नवा नाही. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. २०२४ च्या मेमध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, मग सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला. पण आमच्या वरच्या खोलीत झोपणाऱ्याला तो आकडा खोटा वाटला नव्हता.

कूल रूफ टाइल म्हणजे पांढरी, मॅट, बहुधा एक बाय एक फुटाची टाइल. तिचं काम एवढंच की ऊन परत फेकायचं आणि जे शिरलं ते लवकर बाहेर सोडायचं. हे मोजायला एसआरआय नावाचा आकडा असतो, तो जितका मोठा तितकं छत थंड. दुकानात हा आकडा मागा. "मॅडम, एकदम थंड राहते" हे उत्तर नव्हे. माल चांगला असेल तर आकडा पेटीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. नुसती पांढरी दिसते म्हणून बाथरूमची चकचकीत वॉल टाइल गच्चीवर लावणारेही असतात. ती पावसात घसरते, आणि वॉल टाइल पाणी पिते, त्यामुळे उन्हापावसात टिकत नाही.

टाइलपेक्षा तिच्याखालच्या कामाला जास्त दिवस लागले. जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा जागोजागी फुगला होता, तो काढला. ढाळ नव्याने दिला, शंभराला एक, म्हणजे दहा फुटांना साधारण सव्वा इंच. वॉटरप्रूफिंगचा कोट मारला, आउटलेटला बोळे कोंबून गच्ची दोन दिवस पाण्याने भरून ठेवली, खाली ओल येत नाही हे बघितलं आणि मगच टाइल बसवली. टाइल्समध्ये तीन मिलिमीटरचा सांधा ठेवला, आणि दर तीनेक मीटरवर एक रुंद सांधा, ज्यात सिमेंट नाही, लवचीक सीलंट आहे. हा सांधा का, तर जानेवारीच्या पहाटे गच्ची १५ अंशांवर असते आणि मेच्या दुपारी ६० च्या वर. एवढ्या फरकाला दहा मीटरचा स्लॅब जवळजवळ पाच मिलिमीटर लांबतो, टाइल तीनच. हा हिशेब कुठेतरी जिरवावा लागतो, नाहीतर टाइल्स एकमेकींना ढकलून तंबूसारख्या वर उठतात. शेजारच्या गल्लीत एका गच्चीवर ते प्रत्यक्ष बघितलं आहे.

निकाल असा : मेच्या दुपारी अनवाणी गेलं तर पाय पोळतात, पण पळावं लागत नाही. वरच्या खोलीत रात्री जेवणं झाल्यावर कूलरवर भागतं, एसी लागतो तो खऱ्या नवतपातच, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत. खोलीची पश्चिमेची भिंत मात्र अजूनही तापते, तिला गच्चीच्या टाइलचा काही उपयोग नाही. दुकानदार "आठ-दहा डिग्री कमी" म्हणतात ते टाइलच्या पृष्ठभागाबद्दल धरायचं, खोलीतल्या हवेबद्दल नाही.

तोटेही आहेत. दुपारी वर गेलं की डोळे दिपतात, गॉगलशिवाय कपडे वाळत घालता येत नाहीत. पावसाळ्यात टाकीच्या सावलीतल्या भागावर शेवाळ धरलं, ब्रशने घासावं लागलं. धूळ साचली की पांढरेपणा जातो आणि त्याबरोबर थंडावाही, म्हणून उन्हाळ्यात गच्ची अधूनमधून धुवावी लागते. सासूबाईंची तक्रार वेगळीच. कुरड्या आणि मुंगवड्या पूर्वी एका उन्हात खणखणीत वाळायच्या, आता खालून ताव मिळत नाही म्हणून दुसरं ऊन द्यावं लागतं. त्यांनी यंदा सरळ शेजारणीची गच्ची धरली. मला तरी टाइल चांगली असल्याचं याहून मोठं प्रमाणपत्र नको.

आता हॉल. इथे दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ उडतो. जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड), पीजीव्हीटी (तीच, पॉलिश केलेली), डबल चार्ज, फुल बॉडी (आरपार एकाच रंगाची), सगळ्या व्हिट्रिफाइडच. व्हिट्रिफाइड म्हणजे अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी पिणारी. फरक वरच्या थरात आहे. जीव्हीटी-पीजीव्हीटीत डिझाइन छापलेलं असतं आणि त्यावर काचेसारखा पातळ थर असतो. इटालियन मार्बलसारखं जे काही दिसतं ते बहुतेक हेच. डबल चार्जमध्ये रंगीत मातीचा थर तीन-चार मिलिमीटर आतपर्यंत असतो. डिझाइन साधंच मिळतं, पण ओरखडा गेला तरी खालून वेगळा रंग डोकावत नाही. आमच्या हॉलमध्ये मार्च ते जून लोखंडी कूलर इकडून तिकडे ओढला जातो, म्हणून डबल चार्ज घेतली, दोन बाय दोनची, हस्तिदंती. कूलरच्या चाकांचे बारीक चरे तिरप्या उजेडात दिसतात, समोरून नाही. नणंदेकडे याच काळात पीजीव्हीटी बसली. दिसायला आमच्यापेक्षा कितीतरी सुंदर, पण सोफ्याच्या पायाशी आत्ताच एक भुरकट पट्टा आला आहे.

दुकानाचे दिवे फसवे असतात. टाइल उचलून दाराशी न्यायची, उन्हात धरायची, थोडं पाणी टाकून चप्पल काढून पाय ठेवायचा. चांगला दुकानदार कुरकुर करत नाही. माल बहुतेक ठिकाणी गुजरातेतल्या मोरबीचाच येतो, त्यामुळे दहा दुकानांत दहा नावांनी जवळपास तीच टाइल दिसली तर चक्रावू नका. पेटीवर ग्रेड, शेड आणि बॅच छापलेली असते. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला आलेल्या पेट्यांचा शेड वेगळा निघाला. दुकानदार म्हणाला, "बसल्यावर समजत नाही." दोन्ही टाइल्स अंगणात शेजारी ठेवल्या तर लांबून समजत होतं. बरीच हुज्जत झाली, पेट्या बदलून मिळाल्या. एक तरी टाइल बसली असती तर त्याने परत घेतल्या नसत्या, म्हणून पेट्या उतरवतानाच नंबर ताडून घ्या.

बेडरूममध्ये लाकडी पट्ट्यांसारखी मॅट टाइल आहे, आठ इंच बाय चार फूट. लांब टाइल मधे किंचित फुगलेली असतेच, तो दोष नाही, भट्टीतून ती तशीच निघते. विटांसारखी अर्ध्यावर अर्धी बसवली की एकीचा फुगवटा दुसरीच्या टोकाशी येतो आणि पायाला ठेच लागते. एक तृतीयांश सरकवून बसवायची, लेव्हलिंग क्लिपा लावून. मिस्त्रीला हे माहीत होतं, मला नव्हतं. खोली छान झाली आहे.

स्वयंपाकघरात टाइलपेक्षा जमिनीनेच जास्त पैसे खाल्ले. आमच्या भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. तळमजल्याची फरशी नीट न ठोकलेल्या भरावावर असेल तर कितीही महागाची टाइल लावा, तडा जाणारच. जुनी शहाबादी एका कोपऱ्यात बोटभर खचली होती. तिथे खणून माती काढली, मुरूम टाकला, थराथराने पाणी मारून ठोकला, वर काँक्रीट केलं. दुकानात एकानेही विचारलं नव्हतं की टाइल कशावर बसणार आहे. पावसाळा गेला, त्या कोपऱ्यात केसाएवढीही रेघ नाही.

बाथरूम हा दुखरा विषय आहे. खालच्या बाथरूमला भिंतीवरही व्हिट्रिफाइड घेतली होती, मोठी, दोन बाय चारची. ठेकेदाराचा मिस्त्री म्हणे, "ताई, सिमेंटमधेच बसवून देतो ना, मस्त बसते. केमिकलवर कायले पैसे घालवता?" साध्या सिरॅमिक वॉल टाइलला हे चालतं. ती पाणी पिते, आधी भिजवून घेतली की सिमेंट तिला धरतं. व्हिट्रिफाइड पाणी जवळजवळ पीतच नाही, सिमेंट धरणार कशाला? मी ॲडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचं तेच केमिकल, आणायला लावलं. त्याने ते थापीने पाच ठिकाणी गोळे ठेवून लावलं आणि टाइल दाबून दिली. खाचांच्या थापीने पूर्ण पसरायला हवं होतं, टाइलमागची भट्टीची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसायला हवी होती, दोन्ही झालं नाही. मी त्या दिवशी ऑफिसात होते. संध्याकाळी रुपयाच्या नाण्याने ठोकून बघितलं, मधे टणटण आणि कडेला बद्द, म्हणजे आत पोकळ. ठेकेदार म्हणाला, भिंतीवर कोण चढणार आहे? ऑगस्टमध्ये प्लंबरने गिझरच्या नळासाठी भोक पाडलं आणि नेमका तोच पोकळ कोपरा तुटला. ठेकेदार आता फोन उचलत नाही. वरच्या बाथरूमला दुसरा मिस्त्री लावला होता. त्याने बसवलेली एक टाइल आमच्यासमोर पुन्हा उपटून दाखवली, पाठ पूर्ण माखलेली होती. त्या भिंतीत चार भोकं पाडून झाली, काही झालं नाही. ॲडहेसिव्हची २० किलोची गोणी तीन मिलिमीटर थराला पन्नासेक चौरस फूट जाते. याहून फार जास्त पुरली तर समजा, गोळे ठेवले आहेत.

बाथरूमच्या जमिनीला आर ११ ची खरखरीत टाइल आहे. आर ९ पासून आकडा जितका वर, तितकी पकड जास्त. पाय सटकत नाही, पण मळ धरते, आठवड्याला ब्रश लागतोच.

सांध्यांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण त्यावर दुकानात कोणी दोन मिनिटंही घालवत नाही. हॉलला सिमेंटचा ग्राउट (सांध्यात भरायचा मसाला) भरला, बाथरूमना इपॉक्सीचा, म्हणजे पाणी न पिणारा रेझिनचा. मार्चमध्ये कूलरला खसच्या नव्या ताट्या बसवल्या. पहिले काही दिवस त्यातून तांबूस पाणी झिरपतं, ते नेहमीचंच. टाइलवरचं पुसलं गेलं. ग्राउटच्या तीन-चार रेघांत मात्र जे मुरलं ते अजून तिथेच आहे, चहाच्या रंगाचं. शिवाय बोअरचं पाणी जड. कूलरखाली वाळलेल्या थेंबांचे पांढरे गोल उमटतात. ते व्हिनेगर किंवा लिंबाचं सत पाण्यात कालवून, पाच मिनिटं ठेवून निघतात, पण सिमेंटच्या सांध्यावर ते रोज नको. कामवाल्या मावशींनी एकदा ॲसिडची बाटली काढली होती, ती मी लपवून ठेवली. ॲसिडने टाइल पांढरी दिसते खरी, पण सिमेंटचा ग्राउट खाल्ला जातो आणि मग खाली पाणी उतरायला लागतं. इपॉक्सी महाग आहे, भरायला मिस्त्री कंटाळतात, वेळेत पुसला नाही तर टाइलवर चिवट पापुद्रा राहतो. तरीही कूलर ठेवायची जागा ठरलेली असेल तर निदान तेवढ्या पट्ट्यात तरी तोच भरा. "बिनजोड" बसवून देतो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. दोन मिलिमीटर तरी फट हवीच.

आता थंडीत हॉलची फरशी बर्फ होते. सासूबाई म्हणतात मोझॅक बरं होतं. मोझॅकही थंडच असायचं, पण त्यांना घरात घालायला मऊ चपला आणून दिल्या.

पैशांचं थोडक्यात : हॉलची टाइल ५८ रुपये फूट पडली, गच्चीची ४५, वर १८ टक्के जीएसटी. बिलात नसलेलं जास्त होतं. कोबा, मुरूम, ॲडहेसिव्ह, ग्राउट, गच्चीवर सामान चढवायची मजुरी हे सगळं मिळून टाइल्सच्या किमतीच्या आसपास गेलं. कोटेशन घेताना हे वेगळं लिहून मागा. तोडफोडीसाठी दहा टक्के माल जास्त धरा आणि काम झाल्यावर उरलेल्या पेट्या परत करू नका. एका पेटीत दोन बाय दोनच्या चार टाइल्स येतात, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. आमच्या बाथरूमचं डिझाइन पावसाळ्यापर्यंत बंदही झालं होतं. तुटलेल्या कोपऱ्याची टाइल बदलायला घरातलीच शिल्लक पेटी कामाला येणार आहे. मिस्त्री मात्र दुसराच.