झुआरीकाठचं यार्ड: काम चोख, धक्का बेतास बात

पावसाळ्याआधी आमची ३२ फुटी शिडाची बोट गोव्यात झुआरी नदीकाठच्या एका बोटदुरुस्ती यार्डात बाहेर काढली. तळाचं काम एक नंबर. चिकटलेली कालवं खरवडली, जुना रंग पाणी मारत घासला (कोरडा घासला तर विषारी धूळ नाकात), मग तांबंयुक्त अँटीफाऊलिंगचे (तळाला कालवं-शेवाळ धरू न देणारा रंग) दोन हात. बोट टेकूंवर उभी असते, त्या टेकूंखालची जागा बहुतेक जण तशीच सोडतात. इथल्या मिस्त्रींनी न सांगता टेकू सरकवून तीही रंगवली. झिंकचे अॅनोड (बोटीच्या धातूऐवजी स्वतः गंजून झिजणारे तुकडे) अर्धे झिजले होते, तेही बदलले.

धक्क्याचं मात्र काही खरं नाही. ओहोटीला पाणी सुसाट पळतं आणि दोर झेलायला माणूस नसतो. नाळ (बोटीचं पुढचं टोक) प्रवाहाकडे धरून, इंजिन अगदी हळू ठेवून आधी मधला स्प्रिंग दोर (बोट पुढे-मागे सरकू न देणारा) धक्क्याला अडकवता येत असेल तरच एकटे या. फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून मध्ये लटकवायच्या उशा) घरचे आणा. धक्क्यावरचे टायर पांढऱ्या जेलकोटवर (फायबरच्या बोटीचा बाहेरचा गुळगुळीत थर) काळे पट्टे ओढतात.

आणि नंबर एप्रिलमध्येच लावा. १ जूनला मासेमारी बंद झाली की सगळे ट्रॉलर दुरुस्तीला येतात, मग क्रेनवाला फोनसुद्धा उचलत नाही.