भाकर सोडून मटण-अंड्यांवर काढलेले महिने: साखर, कोलेस्टेरॉल आणि बाकीचा हिशोब

जास्त मटण खाल्लं की साखर उतरते का, असं आमच्या कृषी केंद्रावर येणारे बरेच जण मला विचारतात. माझं वजन उतरलेलं त्यांना दिसतं. साखर उतरली, हे खरं आहे. पण ती मटणानं उतरवली नाही. ताटातून जे निघालं, त्यानं उतरवली. मटणानं काय केलं ते वेगळं आहे आणि ते नीट सांगितलं पाहिजे, कारण गावात आता दर दोन घरांआड कुणी ना कुणी साखरेची गोळी घेतो आणि मोबाईलवर बघून भाकर सोडायला निघतो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. घरी कापूस-तुरीची शेती, पण माझा बहुतेक दिवस दुकानात बसून जातो. दिवाळीच्या आधी तपासणी केली तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.४ निघाली. ६.५ पासून मधुमेह धरतात. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, २३६, तीही जास्तच. डॉक्टरसाहेबांनी गोळी सुरू न करता आधी जेवण बदलायला सांगितलं. दिवाळी झाल्यावर मी भाकर, पोळी, भात, साखरेचा चहा आणि पोहे बंद केले. सकाळी तीन-चार अंडी, दुपारी कोंबडी नाहीतर मटण, रात्री पुन्हा तेच, सोबत थोडी भाजी. मार्गशीर्षातले गुरुवार आणि एकादशी सोडली तर मिरग लागेपर्यंत जेवण असंच होतं.

पहिल्या पंधरवड्यात वजन झपाट्यानं उतरलं. ती चरबी नव्हती. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पीठ बंद झालं की तो साठा संपतो आणि पाणी निघून जातं. खरा उतार नंतर, सावकाश आला. मार्चपर्यंत आठ-नऊ किलो कमी झालं, एचबीएवनसी ५.८ वर आली आणि ट्रायग्लिसराइड १३८ वर. दुपारी जेवल्यावर काउंटरवर डुलकी यायची, ती थांबली. दोन जेवणांच्या मध्ये भूक लागेना. हा फायदा मी मनापासून मान्य करतो. दिवसाला सात-आठ पोळ्या आणि वर भात खाणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तो मिळणारच होता.

त्याच मार्चच्या कागदावर एलडीएल ११८ वरून १७१ वर गेलं होतं. हे वाईट कोलेस्टेरॉल. त्याचं कारण मी थंडीत रोज सकाळी डोळ्यांनी बघत होतो. रात्रीचं मटण गंजात उरलं की सकाळी वर पांढरी, मेणासारखी साय गोठलेली असायची. फोडणीचं शेंगदाण्याचं तेल आमच्याकडच्या थंडीत असं गोठत नाही. गोठणारी ती बोकडाची चरबी, म्हणजेच संपृक्त स्निग्ध पदार्थ, आणि एलडीएल वाढवणारी मुख्य गोष्ट तीच. खाटिकाकडून मी मुद्दाम चरबीचे तुकडे घालून घ्यायचो, कारण या जेवणात चरबी भरपूर हवी असं सगळीकडे ऐकलं होतं. प्रत्येकाचं एलडीएल इतकं वाढत नाही. काहींचं मात्र वाढतं आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. अंगावर काहीच दिसत नाही, उलट माणूस बारीक झालेला असतो, म्हणून लोक तपासतच नाहीत. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

पोटाचं सांगतो. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम तंतू (फायबर) असतात, मटणात शून्य. भाकर गेली, डाळ गेली, आणि पोट साफ होईना. माझी माय रोज म्हणायची, "काहून रे, नुसतं मटन खाऊन राहिला, कोठा साफ होते का तुहा?" नव्हता होत. त्यात उन्हाळा लागला. पीठ-साखर कमी झाली की इन्सुलिन कमी होतं आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी जास्त बाहेर टाकतात. मांसाच्या प्रथिनांतून तयार होणारं युरिया बाहेर काढायलाही पाणी लागतं. थंड देशातल्या माणसाला हे निभत असेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नांगरटीवर उभं राहिलं की पोटऱ्यांत गोळे यायचे, लघवी गडद पिवळी व्हायची. मीठ घातलेलं ताक वाढवलं तेव्हा गोळे थांबले. युरिक ॲसिड, म्हणजे जास्त झालं की सांधे दुखवणारं रक्तातलं आम्ल, मात्र ५.९ वरून ७.८ वर गेलं होतं. कलेजी आणि पाया मी आवडीनं खायचो, कलेजीत तर प्युरिन भरपूर, त्याचंच पुढे युरिक ॲसिड होतं. मांस जास्त आणि पाणी कमी हे मुतखड्यालाही आमंत्रण आहे. ज्यांना आधी खडा झालेला आहे त्यांनी आमच्या भागातल्या उन्हाळ्यात या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खर्चाचं लांबवत नाही. मटण तेव्हा किलोला आठशेच्या घरात होतं. एकट्या माझ्या ताटाचा महिन्याचा खर्च बाकी घराच्या किराण्याला भिडला. शिवाय घरातल्या बाईचे हाल. "तुमच्यासाठी येगळं, पोरायसाठी येगळं, सासूबाईसाठी बिनमटनाचं, दिवसभर चुलीपाशीच राहू का मी?" हे बायकोचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

या काळात मी डॉक्टरसाहेबांना बरंच विचारलं, जमेल तसं वाचलं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात अमेरिकेतल्या १५ हजारांहून अधिक लोकांचा, सुमारे २५ वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास आला. ज्यांच्या उष्मांकातला ५० ते ५५ टक्के भाग कर्बोदकांतून, म्हणजे पीठ-साखरेच्या पदार्थांतून, येत होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी होतं. कर्बोदकं फार जास्त खाणारे आणि फार कमी खाणारे, दोघांतही ते जास्त होतं. कर्बोदकांच्या जागी मांस आणि प्राणिज चरबी घेणाऱ्यांत ते वाढलं, आणि डाळी, शेंगदाणे, सुकामेवा घेणाऱ्यांत घटलं. असे अभ्यास नुसती सांगड दाखवतात, कारण पक्कं करत नाहीत. तरी माझ्या कागदावरचे आकडे त्याच दिशेनं बोलत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, त्यात बोकडाचं मटणही येतं. सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस तर थेट पहिल्या, म्हणजे नक्की कर्करोगकारक, गटात: रोज ५० ग्रॅममागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तालुक्याच्या दुकानातल्या फ्रीजरमध्ये ही पाकिटं आता दिसतात. डाएटच्या नावाखाली ती घरी आणू नका.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपण भारतीय सरासरी ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून घेतो, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरातल्या पाहणीत दिसलं आहे, आणि त्यातलं बरंचसं पांढरा भात, गव्हाचं पीठ आणि साखर. ते कमी केलंच पाहिजे. प्रश्न फक्त रिकाम्या जागेत काय ठेवायचं एवढाच.

मिरगानंतर मी ती जागा बदलली. आता दुपारी ज्वारीची एक भाकर, वाटीभर घट्ट तुरीचं वरण, अंबाडी, चिवळ, तरोटा, जी हंगामात असेल ती पालेभाजी. जवसाची चटणी रोज, शेंगदाणे मूठभर, सकाळी दोन अंडी. कोंबडी किंवा तलावाची मासोळी आठवड्यातून दोनदा, मटण महिन्यातून एक-दोनदा, चरबी काढून. भात आणि साखर अजून बंदच. तीन महिन्यांनी तपासलं: एचबीएवनसी ५.९, ट्रायग्लिसराइड १४४, एलडीएल १२६, युरिक ॲसिड ६.५. वजन किलोभर वाढलं, मग स्थिर राहिलं. म्हणजे साखरेचा फायदा जवळजवळ सगळा टिकला आणि मटणानं वाढवलेलं बरंचसं खाली आलं. बायकोला वेगळा सयपाक करावा लागत नाही, कारण हेच सगळे खातात.

ज्यांची गोळी सुरू आहे त्यांनी मात्र हे वाचून उद्यापासून भाकर बंद करू नये. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम पीठ तोडलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्यांवर तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, वाढलेलं असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचं. सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी, लिपिड (कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड), क्रिएटिनिन आणि युरिक ॲसिड या चारही तपासण्या करा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा.