जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? पैसे भरायच्या आधी हे बघा

बारावीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात, सिस्टर, मुलीला नर्सिंगला घालायचंय, जीएनएम करू की बीएस्सी, फी कुठे कमी? मी स्वतः जीएनएमवाली, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमावाली, आमच्या वेळी ते साडेतीन वर्षांचं होतं, आता तीनचं झालंय, मग काही वर्षं नोकरी करून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरचं बीएस्सी, केलं, म्हणजे दोन्ही रस्ते चालून झालेत.

मुलगी आर्ट्स-कॉमर्सची असेल तर विषयच संपला, बीएस्सीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतंच, जीएनएमला कुठलीही शाखा चालते. त्याहून छोटा नर्सिंगचा कोर्स म्हणजे एएनएम, दोन वर्षांचं, त्यात कमी खर्च, गावाकडच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका व्हायचं असेल तर चांगलंच आहे.

बीएस्सी चार वर्षांचं. सीईटी देऊन सरकारी सीट मिळाली तर डोळे झाकून घ्या. प्रायव्हेट घ्यायचं तरी कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच जा, कारण 2024 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, मॅनेजमेंट कोट्याला, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या सीटांना, ती नाही. आणि माफ होते ती फी, मेसचं बिल नाही, हे आईवडलांच्या फार उशिरा लक्षात येतं.

आता हिशोब. समजा मॅनेजमेंट कोट्यात बीएस्सीला वर्षाला 1 लाख 20 हजार फी आणि हॉस्टेल-मेसचे 60 हजार, चार वर्षांचे झाले 7 लाख 20 हजार. जीएनएमला समजा 70 हजार आणि तेच 60, तीन वर्षांचे 3 लाख 90 हजार. म्हणजे बीएस्सीला 3 लाख 30 हजार जास्त, शिवाय जीएनएमवाली एक वर्ष आधी कमवायला लागते. आणि आपल्या कोकणातल्या छोट्या प्रायव्हेट हॉस्पिटलात दोघींना पहिला पगार जवळपास सारखाच देतात, हे मी बघत आलेय. राज्य सरकारच्या स्टाफ नर्सलासुद्धा दोघी चालतात, मूळ वेतन 35,400 पासून. फरक पडतो तो एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे तिथल्या नर्सिंग ऑफिसरच्या भरती परीक्षेला, तिथे मूळ वेतन 44,900, बीएस्सीवाली लगेच फॉर्म भरते, जीएनएमवालीला 50 खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. एम्सची किंवा पुढे एमएस्सी करून शिकवायची जिद्द असेल तर बीएस्सीच बरं, कारण जीएनएम अधिक पोस्ट बेसिक म्हणजे पाच वर्षं होतात.

पण फीपेक्षा मी आधी वॉर्ड बघते. भाचीसाठी एका कॉलेजात गेले होते, सकाळी अकराची वेळ, ओपीडीत दोन पेशंट, वॉर्डातल्या बारा खाटांवर चादरी घडीच्या घडीत, आणि लॅबमधला डमी अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. अशा ठिकाणी चार वर्षं काढून मुलगी सलाईन लावायला घाबरणारच! उलट सिव्हिलला पोस्टिंगला आलेली जीएनएमची सेकंड इयरची पोरगी मी बघितलीय, नाळ बांधताना हात जरासुद्धा हलला नाही, केसबुक भरलेलं. ओरसला आणि रत्नागिरीला आता शासकीय मेडिकल कॉलेज आलंय, तर क्लिनिकल पोस्टिंग कुठे, आठवड्यातून किती दिवस आणि जायचं बसभाडं कोणाचं, हे कॉलेजला तोंडावर विचारा.

म्हणून माझं मत, कॅपमधून बीएस्सी मिळत असेल तर बीएस्सी. नाही मिळाली तर गर्दीच्या हॉस्पिटलातलं जीएनएम, पोस्ट बेसिक मग स्वतःच्या पगारावर. मॅनेजमेंट कोट्याच्या बीएस्सीसाठी बाग गहाण टाकू नका, प्लीज.

अजून एक, हप्त्यांच्या तारखा लेखी घ्या. आपले आंब्याचे पैसे येतात मे महिन्यात आणि दुसरा हप्ता मागतात दिवाळीनंतर, तेव्हा घरात काही नसतं नि आईच्या गळ्यातलं सोनाराकडे जातं. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागत नाही, त्यामुळे ॲडमिशनच्या आठवड्यातच विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाका.