राऊंडक्यूबचा सुट्टीचा ऑटो-रिप्लाय: काम चोख, पण गप्प का बसला ते सांगत नाही

आलेल्या प्रत्येक मेलला उत्तर पाठवणारी स्क्रिप्ट दहा ओळींत लिहून होते. कुणाला उत्तर पाठवायचं नाही, हे ठरवण्यात खरी मेख आहे. स्वतःच्या सर्व्हरवर राऊंडक्यूब वेबमेल आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा सर्व्हर) चालवणाऱ्यांना ही सोय जवळजवळ आयती मिळते. समोर दिसतं ते राऊंडक्यूबचं मॅनेजसिव्ह प्लगइन, म्हणजे नियम भरायचा फॉर्म. मागे राबतं ते डव्हकॉटचं पिजनहोल, म्हणजे सिव्ह या मेल-फिल्टर भाषेतल्या स्क्रिप्ट चालवणारा भाग. ही जोडी गप्प कुठे बसायचं ते छान जाणते. तक्रार एकच: गप्प का बसली ते वापरणाऱ्याला सांगत नाही. मग 'सुट्टी लावली पण उत्तर जात नाही' असे फोन अ‍ॅडमिनला येत राहतात.

या गप्प बसण्यामागे लेखी नियम आहेत. स्वयंचलित उत्तरांचे शिष्टाचार २००४ च्या आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) ३८३४ मध्ये आहेत, आणि सिव्हची व्हेकेशन (सुट्टीचं उत्तर पाठवणारी) क्रिया २००८ च्या आरएफसी ५२३० मध्ये. मेलिंग लिस्टचे हेडर असलेला मेल, दुसऱ्या ऑटो-रिप्लायने पाठवलेला मेल, मेलर-डीमनचा बाऊन्स (मेल पोचला नाही अशी सर्व्हरची सूचना), पाठवणाऱ्याचा एन्व्हलप पत्ता (सर्व्हर आपापसात वापरतात तो, 'फ्रॉम' ओळीतला नव्हे) रिकामा असलेला मेल, यांपैकी कशालाच पिजनहोल उत्तर देत नाही. स्वतःचं उत्तरही ते रिकाम्या एन्व्हलप पत्त्याने पाठवतं, म्हणजे ते पोचलं नाही तरी बाऊन्स परत येत नाही. दोन माणसं एकाच वेळी सुट्टीवर गेली आणि त्यांचे मेलबॉक्स रात्रभर एकमेकांशी गप्पा मारत बसले, हा प्रकार इथे होत नाही.

सर्व्हरवरची मांडणी फार नाही. डव्हकॉटला सिव्ह आणि मॅनेजसिव्ह हे दोन भाग जोडायचे (डेबियनवर दोन्हींची पॅकेजं वेगळी आहेत), प्रोटोकॉलच्या यादीत सिव्ह घालायचं, आणि एलएमटीपीच्या (मेल मेलबॉक्सपर्यंत पोचवणाऱ्या भागाच्या) मेल-प्लगइनमध्येही सिव्ह घालायचं. मॅनेजसिव्ह ४१९० या पोर्टवर ऐकतं. जुन्या लेखांत २००० दिसला तर तो काळ मागे पडला असं समजावं. राऊंडक्यूबच्या प्लगइन यादीत मॅनेजसिव्ह टाकायचं आणि त्याच्या कॉन्फिगमध्ये व्हेकेशनची किंमत १ करायची. मुळात ती ० असते, म्हणून प्लगइन चालू करूनही व्हेकेशनचा वेगळा विभाग दिसत नाही. किंमत २ केली तर तो विभाग दिसतो आणि फिल्टरांचा विभाग लपतो. ज्यांना फिल्टर म्हटलं की धडकी भरते अशा लोकांसाठी ते ठीक, बाकी सगळीकडे १ बरी. डव्हकॉट २.४ वर असाल तर एक सावधगिरी: कॉन्फिगची मांडणी बदलली आहे, २.३ च्या ओळी जशाच्या तशा चिकटवल्या तर चालत नाहीत.

आता ती चूक, जिच्यात सर्वाधिक वेळ जातो. स्क्रिप्ट सेव्ह होते, 'यशस्वी' असा हिरवा संदेश येतो, आणि उत्तर मात्र एकालाही जात नाही. कारण स्क्रिप्ट साठवणं आणि ती चालवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. साठवतं मॅनेजसिव्ह, ४१९० वरून. चालवतो तो डिलिव्हरी करणारा भाग, म्हणजे डव्हकॉटचा एलएमटीपी किंवा एलडीए. पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर) स्वतःच्याच व्हर्च्युअल एजंटने मेल थेट मेलडिरमध्ये (मेल साठवण्याच्या फोल्डरात) टाकत असेल, तर सिव्हला त्या मेलचा पत्ताच लागत नाही. उपाय: पोस्टफिक्समध्ये व्हर्च्युअल ट्रान्सपोर्ट डव्हकॉटच्या एलएमटीपी सॉकेटकडे वळवा. मेल लॉगमध्ये डिलिव्हरीच्या ओळीवर 'एलएमटीपी' आणि 'सिव्ह' हे शब्द दिसू लागले की गाडी रुळावर आली.

यानंतर येतो अलायसचा, म्हणजे तुमच्या मेलबॉक्सकडे वळणाऱ्या दुसऱ्या पत्त्याचा, घोळ. सिव्ह उत्तर देण्याआधी बघतं, की मेलच्या 'टू' किंवा 'सीसी' ओळीत माझा पत्ता आहे का. माहिती-विभागाच्या अलायसवर आलेला मेल तुमच्या मेलबॉक्समध्ये पडतो खरा, पण 'टू'मध्ये असतो अलायस. तुमचा पत्ता नसतोच. पिजनहोल उत्तर गिळतं आणि लॉगमध्ये लिहून ठेवतं, की हेडरमध्ये ओळखीचा पत्ता सापडला नाही. वापरणाऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. व्हेकेशनच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात 'माझे ईमेल पत्ते' हा रकाना याचसाठी आहे. सगळे अलायस तिथे भरा. शेजारच्या बटणाने राऊंडक्यूबमधल्या तुमच्या ओळखींचे (आयडेंटिटी, म्हणजे पाठवणारा म्हणून नोंदवलेले) सगळे पत्ते आपोआप येतात, पण ओळख म्हणून जो अलायस नोंदवलेलाच नाही तो तिथेही येणार नाही. ही तपासणीच बंद करणारी सेटिंग डव्हकॉटमध्ये आहे, आणि घाईत ती चालू करायचा मोह होतो. करू नका. तसं केलं तर बीसीसीने आलेल्या आणि लिस्टचे हेडर नसलेल्या सामूहिक मेलांनाही उत्तरं जाऊ लागतील, आणि आवरायला तुम्हीच बसाल.

उत्तरांमधल्या अंतराबद्दलही बरेच गैरसमज आहेत. एकाच माणसाला परत उत्तर कधी द्यायचं याचं पिजनहोलचं मूळ अंतर ७ दिवस आहे आणि किमान मर्यादा १ दिवस. पहिल्या चाचणीला उत्तर आलं, दुसऱ्या मेलला आलं नाही, म्हणून 'बंद पडलं' असं समजणारे पुष्कळ. प्रत्यक्षात ते नेमकं हवं तसं वागत असतं. कुणाला उत्तर गेलं याची नोंद वापरणाऱ्याच्या होम डिरेक्टरीत राहते, म्हणून डव्हकॉटमध्ये व्हर्च्युअल (सिस्टिमवर खातं नसलेल्या) युजरलाही होम नेमून द्यावं लागतं. चाचणी पुन्हा घ्यायची तर मजकुरात किंवा विषयात थोडा बदल करा. नोंद मजकुराशी बांधलेली असल्याने ते नवं उत्तर धरलं जातं. यालाच दुसरी बाजू आहे: सुट्टीच्या मधोमध कुणी एक वेलांटी दुरुस्त केली, तर ज्यांना आधी उत्तर गेलं त्यांच्या पुढच्या मेलला ते परत जाणार. दिवसाऐवजी तासांचं अंतर हवं असेल तर व्हेकेशन-सेकंद्स हा विस्तार (आरएफसी ६१३१) वेगळा चालू करावा लागतो, आणि किमान मर्यादाही खाली आणावी लागते. एकच केलं तर परिणाम शून्य.

उत्तर निघालं, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडलं, हा दोष उशिरा ध्यानात येतो. पिजनहोल साधारणपणे सेंडमेल कमांडमधूनच उत्तर पाठवतं. अशा मेलला पोस्टफिक्सचे एसएमटीपीडी मिल्टर (एसएमटीपीने आलेल्या मेलवर काम करणारे जोड-प्रोग्रॅम) लागू होत नाहीत, म्हणून डीकेआयएम सही (मेल त्या डोमेनचाच असल्याची खूण) होत नाही. त्यातच एन्व्हलप पत्ता रिकामा, त्यामुळे एसपीएफ (कोणता सर्व्हर डोमेनचा मेल पाठवू शकतो याची नोंद) तपासलं जातं ते सर्व्हरच्या हेलो नावावर, म्हणजे जोडणी करताना तो सांगतो त्या नावावर. या दोन्हींवर उभ्या असलेल्या डीमार्क तपासणीला टेकायला काही उरत नाही. म्हणून सही करणारा मिल्टर 'नॉन-एसएमटीपीडी' यादीतही घाला, आणि हेलो नावासाठी एसपीएफ नोंद ठेवा. किंवा डव्हकॉटला सबमिशन होस्ट देऊन उत्तरं एसएमटीपीने पाठवा. डव्हकॉट कंटेनरमध्ये असेल तर सेंडमेल तिथे बहुधा नसतोच, मग हा दुसरा मार्गच धरावा लागतो. काही रिले रिकामा एन्व्हलप पत्ता स्वीकारत नाहीत. त्यांच्यासाठी उत्तर वापरणाऱ्याच्या पत्त्याने पाठवण्याची सेटिंग आहे, पण तेव्हा बाऊन्स त्याच मेलबॉक्समध्ये येतील.

फॉर्म साधा आहे: विषय, मजकूर, सुरुवात, शेवट, चालू-बंद. सुरुवात-शेवटाचे रकाने सर्व्हरवर सिव्हचा 'डेट' किंवा 'रेजेक्स' विस्तार असेल तरच दिसतात. त्याआधी राऊंडक्यूबमधला टाइमझोन बरोबर आहे ना ते बघा. शेवटची तारीख भरायला विसरू नका, परतल्यावर ऑटो-रिप्लाय बंद करायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. 'आलेल्या मेलचं काय करायचं' या रकान्यात डिस्कार्डही आहे. उत्तर जाईल आणि मेल कायमचा जाईल. हा पर्याय या पडद्यावर का ठेवलाय, देव जाणे.

सहकाऱ्यांना एक मजकूर आणि बाहेरच्यांना दुसरा, ही मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजमधली सोय इथे तयार मिळत नाही. फिल्टरांमध्ये डोमेनची अट घालून दोन नियम करता येतात, पण पहिल्यात 'पुढचे नियम थांबवा' ही क्रिया हवीच. एका फेरीत व्हेकेशन दोनदा लागलं की स्क्रिप्ट चूक देऊन थांबते. मेल इनबॉक्समध्ये पडतो, उत्तर जात नाही.

आणखी एक छुपा सापळा: एका वेळी एकच सिव्ह स्क्रिप्ट सक्रिय असते. त्याच मेलबॉक्सवर दुसऱ्या वेबमेलने स्वतःची स्क्रिप्ट सक्रिय केली की राऊंडक्यूबची स्क्रिप्ट जागेवर असूनही झोपते.

पोस्टफिक्सअ‍ॅडमिनचं व्हेकेशन हा जुना पर्याय. त्यात प्रत्येक मेलची एक प्रत ऑटो-रिप्लायच्या खास डोमेनकडे वळते, तिथे पर्लची स्क्रिप्ट डेटाबेस बघून उत्तर देते. डव्हकॉट नसलेल्या सर्व्हरवर ते उपयोगी. असेल तर एक जास्तीचा डोमेन, ट्रान्सपोर्ट आणि दोन टेबलं कशाला सांभाळायची?

चालू करण्याआधीची तपासणी बाहेरच्या पत्त्यावरून करा. स्वतःच स्वतःला पाठवलेल्या मेलला उत्तर येत नाही. आणि स्पॅमची छाननी वापरणाऱ्याच्या स्क्रिप्टच्या आधी लागेल असं बघा. सिव्ह-बिफोरमधल्या (वापरणाऱ्याच्या स्क्रिप्टआधी चालणाऱ्या) स्क्रिप्टने मेल जंकमध्ये टाकला की वापरणाऱ्याची स्क्रिप्ट चालतच नाही, त्यामुळे खोट्या पत्त्यांवर उत्तरं जात नाहीत. तरीही काही अडलं तर पिजनहोलसोबत येणाऱ्या सिव्ह-टेस्टला स्क्रिप्ट आणि सेव्ह केलेला एक मेल द्या. काहीही न पाठवता ते सांगतं, की या मेलवर काय काय झालं असतं. राऊंडक्यूबच्या पडद्यावर हीच माहिती देणारं एक बटण असतं, तर वर लिहिलेलं निम्मं लिहावं लागलं नसतं.