चोवीस इंची वाळूचा फिल्टर: टाकी उत्तम, पंपाची निवड सदोष

वाघोलीतील आमच्या सोसायटीला बोअर आणि टँकर असे मिश्र पाणी मिळते, आणि त्यातील गाळ गच्चीवरच्या टाक्यांमध्ये साचू नये म्हणून कार्यकारिणीने २४ इंच व्यासाची व ७२ इंच उंचीची एफआरपी (काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकची) टाकी, मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (एकाच मुठीने पाण्याची दिशा बदलणारी झडप), वाळू, खडी आणि पंप असा संपूर्ण संच एकाच पुरवठादाराकडून बसवून घेतला. शेजारी तेवढ्याच व्यासाची कार्बनची टाकीही आहे. पुरवठादाराचे नाव येथे देत नाही, कारण अशाच तऱ्हेने संच विकणारे अनेक जण आहेत.

टाकीबद्दल तक्रार नाही. वाळू फुलण्यासाठी वर पुरेशी मोकळी जागा ठेवली आहे आणि खडीचे थरही नीट लावलेले आहेत. दोष आहे तो पंपाच्या निवडीत. दरपत्रकात फिल्टरची क्षमता ताशी साडेतीन घनमीटर लिहिली होती आणि पंप तेवढ्याच हिशेबाने दिला होता. गाळणीपुरते ते योग्यच आहे: टाकीचे आडवे क्षेत्रफळ ०.२९ चौरस मीटर, आणि ताशी १२ मीटर वेगाने पाणी वाळूतून खाली उतरवायचे, तर प्रवाह तेवढाच येतो. मात्र बॅकवॉशमध्ये, म्हणजे साचलेला गाळ काढण्यासाठी वाळू उलट्या प्रवाहाने धुताना, पाणी खालून वर जाते, आणि वाळूचा थर पाव पट तरी फुगून कण एकमेकांवर घासले गेले पाहिजेत. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या वाळूला त्यासाठी ताशी सुमारे ३६ मीटर वेग लागतो. म्हणजे प्रवाह हवा ताशी साडेदहा घनमीटरच्या जवळपास, मिनिटाला साधारण १७५ लिटर, गाळणीच्या तिप्पट. संचासोबत आलेल्या सूचनापत्रात ‘रोज १५ मिनिटे बॅकवॉश करावा’ एवढेच छापलेले आहे. प्रवाहाचा आकडा कोठेही नाही. कमी वेगाने तासभर पाणी सोडले तरी न फुललेली वाळू धुतली जात नाही, तेव्हा नुसती मिनिटे सांगून भागत नाही.

प्रवाह मोजण्यासाठी मीटर नव्हता, म्हणून ड्रेनच्या पाइपाखाली २०० लिटरचे पिंप ठेवले. ते भरायला दोन मिनिटे लागली. मिनिटाला १०० लिटर, म्हणजे वेग ताशी २० मीटरच्या थोडा वर. एवढ्यात वाळू जेमतेम हलते. पुढे टाकी वरून उघडली, तेव्हा वाळूच्या पृष्ठभागावर लिंबाएवढे मातीचे चिकट गोळे सापडले आणि एका बाजूला पाण्याने स्वतःपुरती वाट पाडलेली दिसली. बॅकवॉश अपुरा पडत असल्याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

पुरवठादाराला हे कळवले, तेव्हा त्याने वाळू बदलून देण्याची तयारी दाखवली, तीही सशुल्क. पंपाबद्दल तो बोलायला तयार नव्हता. शेवटी आमच्या प्लंबरने राखीव पंपही त्याच लाइनला जोडून दिला. बॅकवॉशपुरते दोन्ही पंप एकदम चालवले की पिंप सव्वा मिनिटात भरते. पाइप आणि व्हॉल्व्ह तेच असल्याने प्रवाह दुप्पट होत नाही, पण वेग ताशी ३३ मीटरपर्यंत जातो आणि तो पुरतो. सुरुवातीला चहासारखे गढूळ पाणी येते, मग हळूहळू निवळते. पांढऱ्या मगात धरून पाहिले की कधी थांबायचे ते कळते. मगाच्या तळाशी वाळूचे कण दिसू लागले, तर प्रवाह जास्त होतो आहे असे समजून ड्रेनचा व्हॉल्व्ह थोडा आवळावा.

कार्बनच्या टाकीला हाच प्रवाह देऊ नये. कार्बन वाळूपेक्षा पुष्कळ हलका असतो, त्याला ताशी २५ मीटर, म्हणजे मिनिटाला १२० लिटर पुरेसे होतात. दोन्ही पंप लावले तर काळे दाणे गटारात वाहून जातील. पाण्याच्या तापमानाचाही परिणाम होतो. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेले की त्याची विष्यंदिता (व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा) सुमारे एक पंचमांशाने घटते, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहात वाळू कमी फुलते. मे महिन्यात आम्ही ड्रेनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवतो, डिसेंबरमध्ये किंचित बंद करतो.

दहा मिनिटांच्या बॅकवॉशला १,६०० लिटर पाणी जाते, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरचा जवळजवळ सहावा हिस्सा. ते रोज घालवणे परवडण्यासारखे नाही आणि त्याची गरजही नाही. फिल्टरच्या आधीच्या व नंतरच्या दाबातील फरक चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोपर्यंत वाढला की बॅकवॉश करावा; पण त्यासाठी दोन प्रेशर गेज लागतात आणि संचात एकच होता. दुसरा आम्ही विकत आणून बसवला. धुतलेले पाणी निवळल्यावर बागेला जाते.

मल्टिपोर्टची मूठ पंप बंद करूनच फिरवावी, हे बसवायला आलेल्या माणसाने सांगितले नव्हते. आमच्या रखवालदाराने चालू पंपावर ती फिरवली आणि आतले गॅस्केट (गळती रोखणारी रबरी चकती) सरकले, त्यामुळे गाळणी चालू असतानाही ड्रेनमधून पाण्याची बारीक धार लागली होती. सुदैवाने ते गॅस्केट स्थानिक दुकानात सहज मिळते. याच मापाचा फिल्टर घेणाऱ्यांनी टाकी आणि व्हॉल्व्ह खुशाल घ्यावेत. पंप मात्र बॅकवॉशचा प्रवाह दरपत्रकात लिहून घेतल्यावरच ठरवावा.