1911 चा म्हणून विकलेला प्रायमस

गणपतीत चाकरमानी गावी आले की माळे उपसले जातात आणि पितळी स्टोव्ह मोडीत निघतात. मोडवाला वजनावर भाव करतो. तोच स्टोव्ह ‘असली स्वीडन’ म्हणून फोनवरून विकला की भाव कुठल्या कुठे जातो. असाच एक ‘प्रायमस’, म्हणजे पंप मारून पेटवायचा स्वीडनचा रॉकेलचा स्टोव्ह, म्हणून 6500 रुपयांना गेला. वेंगुर्ल्याच्या जुन्या घरातला, बुडाला ‘ए’ अक्षर, म्हणून 1911 चा, असं सांगितलं गेलं. निम्मे पैसे आगाऊ घेतले आणि माल कणकवलीच्या एसटी स्टँडवर, गाडी सुटायच्या घाईत हातात दिला.

त्यातलं अर्धं खरं होतं, म्हणूनच ते पटलं. लिंडक्विस्टने 1892 मध्ये स्टॉकहोमला काढलेला हा स्टोव्ह हियोर्थ यांची कंपनी विकायची, आणि 1911 पासून टाकीवर वर्षाचं अक्षर येऊ लागलं. त्यात ‘ए’ पहिलं. पण अक्षरांचे पंच हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. तयार टाकीवर हातोडीने मारलेल्या अक्षराभोवती पत्रा दबतो, कडा नखाला लागते. शिवाय वर्षानुवर्षं राख नि चिंच लावून घासलेल्या टाकीवर नाव जेवढं झिजतं तेवढंच अक्षरही झिजायला हवं. इथे नाव पुसट होतं आणि ‘ए’ कोरा करकरीत. नाव तरी कुठे प्रायमस? एका अक्षराने वेगळं, देशी नकलेचं. देशी स्टोव्ह वाईट नव्हते, कोकणातल्या कितीतरी घरांचा चहा त्यांच्यावरच झाला. पण त्याचे पैसे स्वीडनचे नसतात.

फोटो मात्र खऱ्या प्रायमसचे होते. फोटोतल्या टाकीला झाकणाशेजारी पोचा होता, हातात आलेलीला नव्हता. म्हणून फोटोवर पैसे पाठवू नयेत. बूड दाखवत, पंप मारत, सलग काढलेला व्हिडिओ मागावा आणि माल हाती आला की पोचे, ओरखडे जुळवून पाहावेत.

खरी गोम पाण्यात कळली. टाकी बादलीत बुडवून पाच-सहा पंप मारले की गळती दिसते. विक्रेता म्हणेल, ‘ते बुडबुडे निपलचे,’ म्हणजे ज्योतीखालच्या बारीक भोकाच्या तोंडाचे. रिकाम्या टाकीतली हवा निपलमधून सुटते हेही खरंच, म्हणून निपल बोटाने दाबून धरा. इथे तरीही टाकीच्या खांद्यावरून बुडबुड्यांची ओळ उठली. वरचा लॅकरचा चकचकीत थर खरवडल्यावर इपॉक्सी डिंक भरलेली, फांद्या फुटलेली बारीक चीर निघाली.

ही चीर आपटून पडत नाही. दाबून आकार दिलेल्या पितळात ताण राहतो. त्याला ओल आणि अमोनिया मिळाला की पत्रा आपोआप तडकतो. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ अशीच तडकायची. आपल्याकडे गोठ्यावरच्या माळ्यावर टाकलेला स्टोव्ह याच वाटेने जातो. खाऱ्या हवेचा डाग वेगळा: जस्त निघून जातं आणि तांबूस चट्टे उरतात. चिरीवर डाख मारला तरी ती डाखाच्या पलीकडे सरकते. अशी टाकी फडताळात ठेवावी, दाबाखाली पेटवू नये. जोडावर सरळ बसलेला मूळ डाख चालतो. भलतीकडे करड्या गुठळ्या दिसल्या तर हात आखडता घ्या.

बाकीचं झटपट तपासता येतं. टाकीला लोहचुंबक चिकटलं तर पितळी मुलामा दिलेला लोखंडी पत्रा आहे. झाकण काढून टॉर्च मारा: जुन्या टाकीत रॉकेलचा काळपट चिकटा बसलेला असतो, आतून नवं पितळ चमकलं तर बाहेरचा काळेपणा उसना आहे. रॉकेलच्या वासावर जाऊ नका, तो दोन थेंबांत आणता येतो. पंप मारल्यावर दांडा आपोआप वर आला तर पंपाच्या तळाचा व्हॉल्व्ह गेला. दांडा सैल, दाबच लागत नसेल तर चामड्याचा वायसर वाळला. दोन्ही थोडक्यात दुरुस्त होतात, त्यासाठी भाव पाडा, सौदा मोडू नका. पिना मारून निपलचं भोक मोठं झालं की ज्योत पिवळी, भांडं काळं. निपल बदलला की झालं.

विक्रेत्याचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद. आगाऊ पैसे फोनवरून गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला कळवा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवून.