पांढऱ्या टोकांची पिसं: फ्लोरिडाच्या टर्की-शिकारीत आम्ही कसे फसलो

मार्च २०२४ मध्ये मी आणि माझे शेजारी ओहायोहून पंधरा तास गाडी चालवत फ्लोरिडाला रानटर्कीच्या शिकारीला गेलो आणि एका परक्या माणसाच्या कुलूपबंद फाटकासमोर जाऊन उभे राहिलो. ज्याला आम्ही २,७५० डॉलर दिले होते, त्याचं ते कुरण नव्हतंच. माझ्या ओळखीतल्या चार-पाच मराठी घरांतले लोक आता इथे शिकारीला जायला लागलेत. पुढच्या हंगामाची ठरवाठरवी सुरू होण्याआधी त्यांच्यापर्यंत हे पोचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथली घडी वेगळी आहे. ओहायोत १९०४ पर्यंत रानटर्की पार संपली होती. १९५६ पासून दुसऱ्या राज्यांतून पक्षी आणून सोडले, तेव्हा ती पुन्हा वाढली. अशा कामांचा मोठा खर्च शिकाऱ्यांच्या परवान्यांतून आणि १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांच्या विक्रीवरच्या करातून निघतो. वसंतात फक्त नर मारायचा, तोही ठरलेल्या तारखांत, ठरलेल्या संख्येत. मला हे सगळं शेजाऱ्यांनी शिकवलं. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसायचं, अंगावर लाल, पांढरं, निळं काही घालायचं नाही, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच आणि लांबून दुसरा शिकारी फसू शकतो. लाकडी डबीवर झाकण घासून मादीचा आवाज काढायचा आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड. टर्कीची नजर इतकी तीक्ष्ण की पापणी लवली तरी ती निघून जाते.

शेजारी चौऱ्याहत्तर वर्षांचे. दोन्ही गुडघे बदललेले. अमेरिकेत रानटर्कीच्या चार मुख्य पोटजाती मिळवल्या की त्याला ग्रँड स्लॅम म्हणतात: पूर्वेकडची ईस्टर्न, टेक्सासकडची रिओ ग्रांदे, डोंगराळ पश्चिमेची मेरियम्स आणि फ्लोरिडाची ऑसिओला. त्यांच्या तीन झाल्या होत्या. राहिली होती ऑसिओला.

जागा निवडायला आम्ही एक अख्खा हिवाळा घेतला. मला स्वतःला साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सची ओढ होती. पाँडरोसा पाइनची जंगलं, उतारावर विरघळता बर्फ, आणि सरकारी जमीन इतकी की कुणाच्या फाटकावर जायची गरजच नाही. नेब्रास्काचाही विचार झाला. मेक्सिकोच्या युकातानमध्ये तर ऑसिलेटेड टर्की म्हणून वेगळीच जात आहे, मोरासारख्या झळाळत्या पिसांची. तिचे फोटो मी बायकोला दाखवायचो. पण शेजाऱ्यांच्या घरी बसलो की बोलणं फिरून फिरून फ्लोरिडावर यायचं. मग मीच म्हटलं, यंदा तुमची ऑसिओला.

या पक्ष्याचं नाव सेमिनोल या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या नेत्यावरून पडलं आहे. १८९० मध्ये शास्त्रज्ञांनी ही पोटजात म्हणून नोंदवली. ती फक्त फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात सापडते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिथल्या चांगल्या सरकारी जंगलांत हंगामाच्या परवानग्या सोडतीनं मिळतात. आमचे अर्ज लागले नाहीत. उरल्या खाजगी जमिनी, म्हणजे गुरांची मोठमोठी कुरणं. तिथे गाइडसकट शिकार करायची तर माणशी दोन-तीन हजार डॉलर सहज जातात, आणि चांगल्या जागा वर्ष-दोन वर्षं आधी भरलेल्या असतात. ग्रँड स्लॅमच्या मागे लागलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी याच एका अरुंद दारातून आत जायला बघतो. ठगांनी दुकान नेमकं तिथेच मांडलं आहे. ब्लॅक हिल्सला जायचं ठरलं असतं तर आम्हाला कुणाला पैसे द्यायची वेळच आली नसती.

जानेवारीत मला एका शिकाऱ्यांच्या गटात जाहिरात दिसली. केनन्सव्हिलजवळ तीन हजार एकरांचं कुरण, एका गटानं नोंदणी रद्द केली म्हणून ६ ते ८ मार्च या तारखांना दोन जागा मोकळ्या, माणशी २,४०० डॉलर, निम्मे आगाऊ. वेबसाइट होती, फोटो होते. मी फोन केला. पलीकडचा माणूस शिकारी भाषा बोलत होता, आणि अगदी अस्सल बोलत होता. सकाळी नर माद्यांच्या मागे असतो, दहाच्या पुढे माद्या अंड्यांवर बसायला गेल्या की तो एकटा पडतो आणि आवाजाला येतो, हे त्यानं मला समजावून सांगितलं. ते खरंही आहे. मी शेजाऱ्यांच्या गुडघ्यांचं सांगितल्यावर क्षणभर थांबला आणि म्हणाला, काळजी करू नका, मचाणासारखा आडोसा आहे, आत खुर्च्या आहेत, तिथपर्यंत मी त्यांना गाडीतून नेईन. या वाक्यानं मी विरघळलो. आज मला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या वाक्याचा.

आधी येऊन गेलेल्या शिकाऱ्यांचे नंबर मागितले तर त्यानं दोन दिले. दोघांनीही तोंड भरून कौतुक केलं. ते नंबरही त्याच टोळीचे, हे पुढे कळलं. तुम्हाला असे नंबर मिळाले तर त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. त्या गावातलं पशुखाद्याचं दुकान किंवा बंदुकीचं दुकान स्वतः शोधा आणि तिथे विचारा, अमक्याचं कुरण माहीत आहे का. एवढ्या लहान गावात मोठं कुरण कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पैसे त्यानं बँकेच्या अॅपमधून थेट फोन नंबरवर मागितले. क्रेडिट कार्ड का नाही विचारलं तर म्हणाला, कार्डवाले तीन टक्के कापतात, ते मी तुमच्याकडून का घेऊ? मला तो प्रामाणिकपणा वाटला. बायको शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, त्या माणसाचं तोंड तरी पाहिलंयस का? एकदा व्हिडिओवर बोल ना." मी म्हटलं, कुरणावर रेंज नसते म्हणतो तो. तिनं तरी विचारलं होतं. मी ऐकलं नाही. कार्डानं पैसे दिले असते तर बिल निघाल्यापासून साठ दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. थेट पाठवलेले पैसे म्हणजे हातात दिलेली नोट. आमच्या बँकेनंही नंतर हेच सांगितलं: व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात.

आठवड्याभरानं त्यानं परवान्यांसाठी माणशी १७५ डॉलर आणखी मागितले, सोबत दोघांच्या ड्रायव्हिंग लायसन्सचे फोटो आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला आपल्या आधारसारखा क्रमांक. म्हणाला, परवाने मीच काढून ठेवतो, तुम्हाला त्रास नको. रक्कम मी पडताळून पाहिली. परराज्यातल्या शिकाऱ्याला दहा दिवसांचा परवाना ४६.५० डॉलर आणि टर्कीचा परवाना १२५ डॉलर, म्हणजे जवळजवळ तेवढीच. आकडा जुळला म्हणून मी निर्धास्त झालो. खरं तर हे परवाने फ्लोरिडाच्या मासे आणि वन्यजीव आयोगाकडून पाच मिनिटांत ऑनलाइन स्वतः घेता येतात. ते काढून देतो म्हणून तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर कुणी मागितला, तर बोलणं तिथेच थांबवा.

५ मार्चला दुपारी आम्ही ४४१ नंबरच्या रस्त्यानं खाली उतरलो. दोन्ही बाजूंना सपाट गवत, मधेच सबाल ताडांचे झुबके, ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं, शेवाळासारखं दिसणारं राखाडी स्पॅनिश मॉस, आणि आपल्या सारसाच्या कुळातले उंच क्रौंच जोडीनं चरताना. शेजारी खिडकीची काच खाली करून वास घेत होते. पत्ता आला. फाटकाला कुलूप. फोन लावला, बंद. अर्धा तास, तास. मग आतून एक ट्रक आला आणि त्यातून साठीचा एक गृहस्थ उतरला. मी नाव सांगितलं, तारखा सांगितल्या. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला की या जमिनीवर त्याच्या घरच्यांशिवाय कुणी शिकार करत नाही, आणि अशा चौकशा घेऊन येणारे आम्ही पहिले नाही. तो कडवट बोलला नाही. त्यानं आम्हाला पाणी दिलं. मग विचारलं, तारखा कोणत्या म्हणालात? मी सांगितल्या तसा त्यानं मान हलवली.

फ्लोरिडात वसंतातल्या टर्कीचे दोन हंगाम असतात. राज्याच्या ७० नंबरच्या रस्त्याच्या दक्षिणेला आधी सुरू होतो, उत्तरेला दोन आठवड्यांनी. त्या वर्षी दक्षिणेचा २ मार्चला सुरू झाला आणि उत्तरेचा १६ मार्चला. हे कुरण त्या रस्त्याच्या चाळीसेक मैल उत्तरेला. म्हणजे आमच्या तारखांना तिथे शिकार करणं हा गुन्हा होता. सगळं खरं असतं आणि आम्ही तिथे नर पाडला असता, तर वन्यजीव अधिकाऱ्यानं आम्हालाच धरलं असतं. आयोगाच्या पहिल्याच पानावर हे लिहिलेलं आहे. मी फी पाहिली, तारखा पाहिल्या नाहीत.

संध्याकाळी त्या गृहस्थानं आम्हाला फाटकाच्या आत थोडं पुढे नेऊन उभं केलं, फक्त ऐकायला. अंधार पडायच्या आधी टर्की झाडावर बसायला जाते, तेव्हा नर कधी कधी आवाज देतो. ओकच्या राईतून एकदा आवाज आला, मग दुसऱ्यांदा. शेजाऱ्यांनी कानावर हात धरला होता. परतताना ते पन्नास-साठ मैल काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, निदान ऐकला. त्यांच्या वाटचे पैसे मी परत देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत, आणि त्याचा मला अजून त्रास होतो.

घरी आल्यावर मी त्या वेबसाइटवरचे फोटो मोठे करून पाहिले. नर टर्कीच्या शेपटीच्या पिसांची टोकं पाहिली की पोटजात ओळखता येते. ईस्टर्न आणि ऑसिओलाची टोकं गडद तपकिरी, रिओ ग्रांदेची फिकट पिवळसर, मेरियम्सची जवळजवळ पांढरी. ऑसिओलाच्या पंखांवर तर काळा रंगच जास्त, पांढरे पट्टे बारीक आणि तुटक. जाहिरातीतल्या मुख्य फोटोतल्या नराची शेपटी पांढऱ्या टोकांची होती आणि मागे सरळसोट पाइन. फ्लोरिडाचा ताड कुठेच नाही. शेजाऱ्यांच्या बैठकीत भिंतीवर त्यांनी ब्लॅक हिल्समध्ये मिळवलेल्या मेरियम्सची शेपटी पंख्यासारखी उघडून लावली आहे. जानेवारीत आम्ही त्याच भिंतीखाली बसून तो फोटो पाहिला होता. दोघांनीही टोकांकडे पाहिलं नाही. आम्ही नराच्या छातीवरच्या दाढीसारख्या झुबक्याची लांबी बघत होतो.

त्याच दिवशी मी पत्ता शोधला. फ्लोरिडात प्रत्येक काउंटीच्या मालमत्ता मूल्यनिर्धारकाच्या वेबसाइटवर जमिनीचा मालक कोण हे कुणालाही फुकट बघता येतं, आणि कंपनी नोंदलेली आहे की नाही हे राज्याच्या सनबिझ नावाच्या साइटवर. आपल्याकडे जमीन घेताना सातबारा पाहिल्याशिवाय कुणी इसार देत नाही. इथे मी पाहिला असता तर दहा मिनिटांत त्या गृहस्थाचं नाव समोर आलं असतं. तो फोटो आणखी कुठे आहे का हे गुगलवर शोधलं, तर तोच फोटो पाच-सहा वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच कुणाच्या पानावर.

तक्रारी केल्या. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्रात एक, फेडरल ट्रेड कमिशनकडे एक, फ्लोरिडाच्या कृषी आणि ग्राहक सेवा विभागाकडे एक, इथल्या शेरीफकडे एक. पैसे मिळाले नाहीत, मिळतील असं कुणी म्हटलंही नाही. पण सोशल सिक्युरिटी नंबर गेला होता, म्हणून इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या पतनोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे दोघांच्याही नावावरची पतनोंद गोठवली, म्हणजे आमच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये. २०१८ पासून ते फुकट करता येतं. आणि ते लगेच केलं ते बरं झालं: एप्रिलमध्ये शेजाऱ्यांच्या नावानं कुणीतरी गाडीच्या कर्जाचा अर्ज केला, तो तिथेच अडकला.

मग मी फसलेल्यांच्या एका गटात हे लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी एकाचा संदेश आला, तीनशे डॉलर भरा, आम्ही तुमचे पैसे काढून देतो. ओळखपत्राचा फोटो, तक्रारीचा क्रमांक, सगळं व्यवस्थित. हे लोक आधीच्या ठगांकडून नावं विकत घेतात किंवा स्वतः तेच असतात. गेलेले पैसे फी घेऊन परत आणून देणारं कुणीही सरकारी खातं नाही. मी त्याला उत्तर दिलं नाही. शेजाऱ्यांनाही तसाच फोन गेला होता आणि ते कार्ड शोधायला उठले होते. त्यांच्या मुलीनं फोन हातातून घेतला.

यंदा आम्ही पुन्हा फ्लोरिडाच्या सरकारी जंगलांच्या सोडतीत अर्ज भरले आहेत. शेजाऱ्यांनी नकाशा छापून घेतला आहे आणि गाडी उभी करायच्या जागेपासून चालत किती, ते त्यांनी पट्टीनं मोजून ठेवलं आहे.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात मला पुन्हा दिसली. नाव नवीन, फोन नंबर नवीन, आणि कुरण आता टेक्सासमध्ये, रिओ ग्रांदेच्या शिकारीसाठी. फोटो तोच, शेपटीची टोकं पांढरी. मी पुन्हा तक्रार नोंदवली आहे. जाहिरात अजून तिथेच आहे, दोन जागा मोकळ्या असल्याचं तिच्यात लिहिलं आहे.